ओटीतला कापूस

शकुबाई,

हे पत्र मोहिनी तुला वाचून दाखवील. मोहिनी, मधलं काही गाळायचं नाही. आई गप्प झाली तरी थांबायचं नाही. गप्प असते तेव्हाच ती नीट ऐकते.

तू सिंदीला लेकीकडे राहायला गेलीस, त्याला वर्ष होत आलं. इथे वडनेरला कापूस पुन्हा फुटलाय. दुपारी ओसरीवर जरा डोळे मिटले की मला दवाखान्यातला तो वॉर्ड दिसतो. उंच खिडक्या, हळू फिरणारा पंखा आणि उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारे कापसाचे तंतू. खाली येतच नाहीत.

सीतादहीच्या दिवशी तुझा तानबा पडला. पहिल्या वेचणीआधी शेतात दहीभात दाखवायचा, पहिला कापूस ओटीत घ्यायचा, घरी आणून देवापाशी ठेवायचा, ही तुमची रीत. ओटी भरून तू वळलीस तर नवरा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आडवा, तोंड वाकडं. आळीत मोटार माझीच, म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यात मी नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, वाचेल की नाही सांगता येत नाही.

मी चहा घेऊन परत आले तर तुझं स्टूल रिकामं. तू सापडलीस बसस्टँडवर. अनवाणी, ओटी पोटाशी धरून.

"इथं काऊन आली?" मी तुझ्याच बोलीत खेकसले.

"मले नाई पाह्यल्या जात, बाई. घरी जातो."

"आणि तानबाचं काय?"

"देवाचा कापूस ओटीतच राह्यला. देवापाशी ठेवाचा सोडून दवाखान्यात घेऊन आली मी. त्याच्यानंच झालं असन का?"

"आधी तो पडला, मग तू कापूस आणलास. एवढा हिशेब कळतो ना? आणि देव काय फक्त वडनेरलाच राहतो? तानबाच्या उशाशी बस अन् ठेव तिथंच देवापुढे."

मी चिडून बोलले होते. देवाचं आणि माझं फारसं जमत नाही, हे गावाला ठाऊक आहे. पण वाट चुकलेल्याला कोणी रस्ता दाखवावा, तसं तुझं तोंड झालं. माझ्यामागून आलीस.

दुसऱ्या दिवशी पाहते तर तू वाती वळत बसलेली. बोंडातला कापूस घ्यायचा, नखानं सरकी काढायची, मांडीवर वात वळायची. सरकी पदराच्या गाठीत, वाती तानबाच्या उशाशी.

"त्या इथं लावता येणार नाहीत," मी म्हटलं. "ऑक्सिजन आहे."

"लावाच्या कोठी हायत? वळाच्या हायत."

"त्यानं काय होणार?"

"डॉक्टर त्याचं काम करून राह्यला. मी माह्यं करतो. मोठं मागनं मागाले गेली का छाती भरते, बाई. म्हून येवढंच म्हनतो, देवा, ही वात होऊ दे. झाली का दुसरी."

माझे प्रभाकरराव जाण्याआधी अतिदक्षता विभागात होते तेव्हा माझ्या हातात वर्तमानपत्र होतं. चार दिवस तेच पान. एम.एस्सी. झालेली बाई मी, एक ओळ आठवत नाही. हे मी तुला सांगितलं नव्हतं. नुसतं म्हटलं, "आण इकडे," आणि सरकी काढू लागले.

"नखं तं वाढवा, बाई," तू म्हणालीस. "कालेजात शिकवलं नाई का?"

पुढच्या दुपारी तशाच गेल्या. पंखा फिरायचा, तानबाचा श्वास यायचा-जायचा, त्याच्या चादरीवर पांढरं बारीक काही उतरत राहायचं. एकदा मला डुलकी लागली, तर आपण तिघंही त्या शेतातच आहोत आणि कापूस वरून पडतोय असं वाटलं. जागी झाले तेव्हा तू त्याच्या भुवईवरचा एक तंतू अलगद काढत होतीस.

नवव्या दिवशी, उन्हं खिडकीत असतानाच, तानबा गेला. तुझ्या हातातली वात अर्धी होती. ती तू पुरी केलीस, मग नर्सला हाक मारली.

घरी आल्यावर मी न राहवून म्हणाले, "ऐकलं नाही ना तुझ्या देवानं?"

"ऐकलं न. मी पहिल्याच दिवशी पळाली होती. नऊ दिवस त्यानं मले हालू नाई देलं. ते माह्या डोळ्यापुढं गेले, बाई."

 

सिंदीला निघताना तू ती सरकी फडक्यात बांधून, गाठ मारून माझ्या हातात दिलीस. "पेरनीच्या वक्ती हे पडले होते तेथीसा टाकजा. माह्यानं तेथीसा जानं होत नाई."

जूनमध्ये गेले होते मी. शेत आता बाबाराव करतो, त्याची पेरणी चालू होती. धुऱ्यावर बराच वेळ उभी होते. तो म्हणाला, "द्या जी, मी टाकतो." मी नाही म्हटलं आणि परत आले; तुझ्यासारखंच माझ्यानंही ते झालं नाही.

गाठ माझ्या कपाटात आहे, शकुबाई. अजून सोडलेली नाही.