न पाहिलेल्या हैदराबादेतले दिवस

वर्ध्याजवळच्या सेलूत, रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी चार वर्षं काम केलं. हैदराबादच्या एका मोठ्या लॅबच्या नव्या शाखेत नोकरी मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा ते मोबाइलवर तीनदा वाचलं, होकार कळवला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे राजीनामा दिला. लॅब त्यांचीच होती. त्यांनी माझ्या जागी लगेच एक मुलगी घेतली. तिला सगळं दाखवून मगच मी निघावं असं ठरलं. ती माझ्याहून लहान, कामाला स्वच्छ, बोलायला कमी.

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी समोसे मागवले. रुजू व्हायला अजून वीस दिवस होते.

त्यातले बरेचसे दिवस मी हैदराबादेतच राहिले म्हणायला हरकत नाही. मोबाइलच्या नकाशात रस्त्यांचे फोटो दिसतात. सकाळी आई अंगणवाडीत शिकवायला गेली की मी राहणार होते त्या हॉस्टेलपासून नव्या लॅबपर्यंतचा रस्ता बोटाने चालायचे. आधी टायरचं दुकान, मग पिवळ्या भिंतीची शाळा, मग एका बाल्कनीत वाळत घातलेली निळी साडी. फोटो कधीचा होता कोण जाणे, ती साडी कुणी काढून नेत नव्हतं. पुढच्या वळणावर एक बाई छत्री घेऊन उभी होती, चेहरा पुसट केलेला. मला वाटायचं, ही माझ्यासाठीच थांबली आहे. भाजी निवडताना मी मनात तिच्याशी बोलायचे, इकडे ऊन कसं असतं ते विचारायचे. आईने काही विचारलं तर ते लांबच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं.

निघायला पाच दिवस उरले असताना हैदराबादच्या लॅबमधून फोन आला. पलीकडची बाई फार गोड हिंदीत बोलली. नवीन शाखा आता उघडणारच नाही, त्यामुळे ती जागाही राहिली नाही, तुमच्यात काही कमी नाही, असं तिने सांगितलं. मी तिला थँक्यू म्हटलं. का म्हटलं, ते अजून कळलेलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने हातातला खडा बाजूला टाकला. मग म्हणाली, "तू गेलीच नाई, तरी मले तू लई दिवसांनी वापस आल्यासारखी वाटून राह्यली."

त्यात राग नव्हता. तिने सूप माझ्याकडे सरकवलं आणि आम्ही दोघींनी मिळून तांदूळ निवडले.

पुढचे दोन दिवस मी तरीही त्या रस्त्यावर जाऊन आले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ते टेबलाकडे बघत म्हणाले की त्या मुलीला आता कसं काढू. मी काढा म्हटलं नाही. मनात मात्र म्हणत होते, आणि त्याची लाज वाटत होती.

पायऱ्या उतरत होते तर ती मुलगी मागून आली, हातमोजे तसेच घातलेले. आंजीला जाल का, असं तिने विचारलं. याआधी ती मोठी आंजी या गावातल्या एका दवाखान्यात रक्त घ्यायची. घर सेलूत, म्हणून ते काम सोडून इथे आली होती. तिथे अजून कुणी मिळालं नव्हतं.

"मीच बोलतो तिथच्या मॅडमसंग," ती म्हणाली. "तुमची जागा मीच घेतली ना, ताई."

 मी होकारार्थी मान हलवली.

तिथल्या मॅडमनी बोलावलं, तशी सोमवारी वर्ध्याला बस बदलून आंजीला निघाले. बाहेर दाट धुकं होतं, शेतांत कापूस फुटलेला. धुकं कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. बस हळूहळू चालली होती.

दवाखान्यात पहिलीच एक म्हातारी आली, साखर तपासायला. तिने आधीच्या पोरीची चौकशी केली. ती सेलूला माझ्या जागेवर आहे, असं मी सांगितलं. म्हातारीला ते पटलं असावं. तिने बाही वर केली आणि म्हणाली, "हळू टोचजो."

रक्त घेऊन मी तिला कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून धरायला सांगितलं. नाव लिहून वर पाहिलं तर ती खुर्चीतच झोपली होती, हात तसाच दुमडलेला. खिडकीतून ऊन यायला लागलं होतं. बाहेर नंबर लावून बसलेल्या माणसाला मी थोडं थांबायला सांगितलं.