नानांचा एक ठळक फोटो

आमच्या फोटोवाल्या नानांइतके धुळीचे फोटो अख्ख्या खानदेशात कुणी काढले नसतील. त्यांना काढायचे असत खेळाडू. पण बटण दाबेपर्यंत खेळाडू निघून जाई आणि मागची धूळ तेवढी सुरेख येई. पिंप्राळ्यात आमच्या शेजारीच त्यांचा स्टुडिओ. नवरा-नवरीचे फोटो झकास काढत, कारण ती माणसं बिचारी जागेवर बसून असत. पण नानांचा जीव मैदानात. धावत्या खेळाडूचा एक, फक्त एक ठळक फोटो काढून दुकानाच्या काचेत लावायचा, हा त्यांचा ध्यास. कबड्डीत चढाई करणाऱ्याबरोबर हेही दम धरत. त्याचा दम सुटला की बटण दाबायचं! मेहरूणला एकदा चढाईवाला भलताच दमाचा निघाला आणि नानाच डोकं धरून खाली बसले. फोकससाठी अंतर पावलांनी मोजत, तेही चालू सामन्यात. पंच ओरडले, "नाना, बाहेर व्हा!" तर म्हणाले, "थांब रे भाऊ, दोनच पावलं राहिली!"

आता नातवंडांना शिस्त शिकवणारी मी तेव्हा सतरा वर्षांची, शाळेच्या खो-खो संघात. खेळ बेताचा, तोरा भरपूर. धुळ्याला अंतिम सामना होता. एस.टी.त नाना उपरण्यात गुंडाळलेला कॅमेरा मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टर म्हणाला, "आबा, बाळाचं अर्धं तिकीट फाडू का?"

नानांनी या वेळी नवी युक्ती काढली होती. 'खो' ऐकून बटण दाबलं की उशीर होतो, म्हणून आपणच मनात आधी 'खो' म्हणायचं. रिळातल्या बारांपैकी अकरा फोटो धुळीत गेले, एक उरला. शेवटचं मिनिट, आम्ही एका गुणाने मागे, बरोबरीसाठी एक गडी बाद करायचा. मी नानांच्या समोरच्या चौकोनात बसलेली: वेणी पुढे, हनुवटी वर, डोळा कॅमेऱ्यावर. इतक्यात नानांच्या मनातला शब्द तोंडातून सुटला. "खो!"

मी उडालेच! पाठीवर कुणाचा हात पडलाच नव्हता. शिट्टी वाजली, फाऊल झाला, तेवढ्यात समोरची पोर निसटली आणि वेळ संपली. हरलो.

परतताना मुली फणकारल्या, "कुणी दिला गं तुला खो?" मी तोंड उघडायच्या आत नाना उठले. "पोरीहो, बठ्ठी चूक मनी शे." सगळी चूक त्यांनी अंगावर घेतली आणि मी निर्लज्जपणे मान डोलावली! हात पडल्याशिवाय उठायचं नाही, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

आठवड्याने नाना घरी आले. फोटो इतका ठळक, की वेणीचा केस न् केस मोजावा. माझे पाय अधांतरी, मागे मैत्रिणीचा हात हवेतच, आणि मी चक्क कॅमेऱ्याकडे बघून हसतेय. चूक कुणाची, ते आंधळ्यालाही दिसावं. "हाऊ तूच ठेव," फोटो माझ्या हातात देत नाना हळूच म्हणाले. मी काय बोलावं? "नाना, नाक केवढं आलंय माझं!"

पुढे कितीतरी वर्षं काचेत नवरा-नवरीच राहिले. येणारा-जाणारा विचारी, "काय नाना, खेळाचा एखादा जमला का?"

"नाही बुवा, अजून नाही."

कधी मी शेजारीच उभी असे. नाना माझ्याकडे बघतही नसत.