प्रॉम्प्टरच्या डावीकडची जागा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. हायस्कुलात गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नसेल तर कुणाला मार्क दिले नाहीत. आज जे लिहितोय त्याची रीत मला स्वतःलाच दाखवता येत नाही... तेव्हा वाचकांनी खुशाल मार्क कापावेत.

गोष्ट सोलापूरची, एकोणीसशे तीस सालाच्या दोन-तीन वर्षं आधीची. आम्हा दहा-बारा पोरांचं नाट्यमंडळ होतं. नाटक मी लिहिलेलं, ऐतिहासिक — शरण न जाणाऱ्या एका किल्लेदाराचं. आम्हाला थिएटर कोण देणार? म्हणून किल्ल्याच्या खंदकाबाहेर फळ्या टाकल्या. चार वाजता सुरू करायचं आणि शेवटचा प्रवेश बरोबर सूर्य मावळताना आणायचा. मागे खरा तट, वर खरं ऊन, रंगवलेल्या पडद्याची गरजच नव्हती.

किल्लेदार होता राजय्या. विणकराचा मुलगा, घरी तेलुगू बोलणारा. आवाज खणखणीत, पाठांतर मात्र कच्चं. ते त्याची आई करून घ्यायची. अम्मांना मराठी धड येत नव्हतं, वाचता तर मुळीच येत नव्हतं. पण रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता ऐकून त्यांना किल्लेदाराची सगळी भाषणं तोंडपाठ झाली होती. चूक एकच व्हायची. शेवटी किल्लेदार बायकोला सांगतो, "दिवा विझवू नका. मी गेलो की दाराला अडसर घाला." अम्मा नेहमी उलट म्हणायच्या — आधी अडसर, मग दिवा. राजय्याही तसंच म्हणायला लागला, तेव्हा मी त्याच्यावर डाफरलो. वीररसाचं नाटक, ते अडसरावरच संपायला हवं! त्यानं निमूट सुधारलं.

श्रावणात अम्मा तापानं गेल्या. त्या अंथरुणावर असताना मुलगा आमच्या रिहर्सलला होता, हे त्याच्या वडिलांच्या मनातून जाईना. ते म्हणाले, "एकदा येऊन बगतो. अडखळलास तर हे खूळ बंद. मुकाट्यानं मागावर बसायचं." राजय्याचा जीव नाटकात होता.

नेमका प्रयोगाच्या सकाळी माझा घसा बसला. म्हणजे पार बसला — कुजबुजताही येईना. आतून वाक्यं सांगणारा प्रॉम्प्टर मीच. वही मोडीत लिहिलेली, त्यात खाडाखोड. माझी मोडी मलाच वाचता यायची. दुसऱ्या कुणाला बसवणार? राजय्या घाबरेल म्हणून मी त्याच्यासमोर गेलोच नाही. उजवीकडच्या कापडाआड चटई टाकून एकटाच बसलो आणि देवाचं नाव घेतलं, जे मी परीक्षेलाही घेत नसे.

नाटक चांगलं चाललं. शेवटचा प्रवेश आला. ऊन तांबूस झालं होतं, धूळ हवेतच थांबली होती, तटावरचे पोपट गप्प झाले होते. सगळं अर्धवट झोपेत पाहावं तसं संथ वाटत होतं. राजय्या दारापाशी आला, वळला... आणि थांबला. त्याचे डोळे माझ्याकडे लागले. मी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्याशी रहाटाची घरघर ऐकू आली. अगदी हळू. आणि त्या घरघरीतून बाईमाणसाचा आवाज, कसलीच घाई नसलेला — "मी गेलो की दाराला अडसर घाला. दिवा विझवू नका."

मी मान वळवली. चटईवर दुसरं कुणी नव्हतं. भीती मात्र वाटली नाही. दुपारी आपण पडलेले असतो आणि घरात कुणीतरी काम करत असतं, तेव्हा जसं बरं वाटतं, तसं वाटलं.

राजय्या बोलला. तेच, त्याच क्रमानं. समोर गर्दीत त्याचे वडील उभे राहिले. मागचे लोक "बसा की, दिसंना आमाला" म्हणत होते, पण ते उभेच.

"विष्णू, वेळेवर सांगितलंस बघ," राजय्या आत येऊन म्हणाला. मी घशाकडे बोट दाखवून मान हलवली. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं माझ्या आजूबाजूला वाकून पाहिलं.

त्याला जुनं पाठांतर आठवलं असेल, हे मला मान्य आहे. पण मी ते वाक्य त्याच्या आधी ऐकलं, आणि माझ्या वहीत ते तसं नव्हतं.

एवढ्यात त्याचे वडील कापड बाजूला करून आत आले. "कुटं बसून सांगतात हितं?" मी चटई दाखवली. मग, का कोण जाणे, डावीकडच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. ते तिथं मांडी घालून बसले.

"रोज असंच म्हणायची," ते म्हणाले. "माझा माग चालूच असायचा. नीट ऐकलं न्हाई कदी." मग डोळे पुसून मुलाकडे पाहिलं. "फुडचं नाटक कदी हाय?"

रीत मला आजतागायत सापडलेली नाही. त्या दिवशी घरी जाऊन वहीतल्या दोन वाक्यांचा क्रम तेवढा बदलला, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगाला चटईवर डावीकडे एका माणसापुरती जागा सोडून बसत आलो.