इरीदेच्या बाजूचं दार

एर्मेस बान्योली आमच्या गावचा गाड्यांचा वायरमन. इंजिनाला तो हात लावायचा नाही. दिवे, हॉर्न, बॅटरी, दारांचे खटके आणि कुलपं, एवढाच त्याचा धंदा. पण नदीच्या बांधापासून रेल्वे फाटकापर्यंत कुणाचीही गाडी रुसली की ती त्याच्याच दारात यायची. माझं केस कापायचं दुकान त्याच्या गॅरेजच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्याची स्वतःची एक जुनी लाल गाडी होती, उघड्या टपाची, दोनच माणसांची. लग्नाआधी घेतलेली. दर रविवारी तो आणि त्याची बायको इरीदे तिच्यात बसून बांधावरच्या रस्त्याने फिरायला जायचे. इरीदे लोकरीच्या कपड्यांच्या कारखान्यात होती. सुटलेला टाका शोधण्यात तिचा जन्म गेला. गाड्यांचं तिला काडीचं प्रेम नव्हतं, आणि या लाल गाडीचा तर रागच होता, कारण तिच्या बाजूचं दार नीट लागत नसे. डावीकडे वळण आलं की ते भसकन उघडायचं. एर्मेसने दाराला एक चामडी पट्टा बांधून दिला होता. वळण आलं की इरीदेने तो ओढून धरायचा.

“गावाची दारं दुरुस्त करतो आणि बायकोला पट्टा धरायला लावतो,” ती माझ्याकडे केस कापायला आली की म्हणायची. त्यावर एर्मेसचं उत्तर ठरलेलं. “बघतो उद्या.”

तो उद्या काही उजाडला नाही, आणि मध्येच एर्मेसचे हात थरथरायला लागले. आधी कॉफीचा कप बशीवर वाजायचा. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्याने गॅरेज बंद केलं, गाडी चालवणंही सोडलं. लाल गाडी आत तशीच उभी राहिली.

वसंतात गाडीची सरकारी तपासणी आली. दिवे नीट लागत नसतील तर गाडी पास होत नाही. एक दिवस शटर अर्धं वर दिसलं म्हणून मी डोकावले. एर्मेस फरशीवर बसला होता. डॅशबोर्डखालचं झाकण उघडं होतं, स्क्रू चहूकडे सांडले होते. एक स्क्रू उचलायचा तो प्रयत्न करत होता आणि तो सारखा बोटांतून निसटत होता. माझ्या मागोमाग इरीदे आली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, “सरक.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“काहीच नाही. तू तोंडाने सांग, मी हाताने करते. तोंड अजून चालतंय ना तुझं? ते तर कधी थांबलंच नाही.”

त्या दिवसापासून रोज दुपारी गॅरेजमधून दोघांची भांडणं ऐकू यायला लागली. माझ्या गिऱ्हाइकांची चांगली करमणूक झाली.

डावा इंडिकेटर लावला की पुढचा दिवा मंद व्हायचा. “अर्थिंग गेलंय,” एर्मेस म्हणाला. “दिव्यामागे काळी वायर बघ. जिथे पत्र्याला जोडलीय तिथे गंज असेल.”

“इथे सगळंच गंजलंय. नेमकं कुठे?”

“काळी! काळी दिसत नाही तुला?”

“अरे, तुझ्या चाळीस वर्षांच्या मळाने सगळ्याच काळ्या झाल्यात!”

वायर सापडली. तिने पत्रा घासून चकचकीत केला आणि दिवा लख्ख लागला. मग हॉर्न. स्टिअरिंग फिरवलं की तो आपोआप बोंबलायचा, कारण आतल्या वायरचं आवरण घासून गेलं होतं. एर्मेस म्हणाला, टेप गुंडाळ. इरीदेने घरून सुईदोरा आणून वायरला जाड कापडाची बाहीच शिवली. एर्मेस ती बराच वेळ निरखत राहिला. “वायरला इतके बारीक टाके कुणी घालतं का?” तो म्हणाला, पण टेप लाव म्हणून पुन्हा सांगितलं नाही.

सगळं झाल्यावर तो हळूच म्हणाला, “आता तुझ्या बाजूच्या दाराचा खटका घेऊ.”

इरीदेने हातातला पान्हा खाली ठेवला. मी तेव्हा त्यांना कॉफी द्यायला गेले होते, ती तशीच हातात धरून उभी राहिले.

“चालवणार मी. म्हणजे तिथे बसणार तू,” ती म्हणाली. “म्हणून आठवला होय रे खटका? मी बसत होते तेव्हा नाही सुचलं?”

“सुचलं होतं,” एर्मेस खाली बघत म्हणाला. “पहिल्याच वर्षी. तासाभराचं काम होतं.”

“मग?”

“दार उघडेल म्हणून तू घाबरायचीस आणि माझ्याकडे सरकून बसायचीस. खांद्याला खांदा लावून. दार नीट झालं असतं तर तू तिकडे टेकून नदी बघत बसली असतीस.”

मला वाटलं, आता पान्हा फेकून मारते ही.

“चोरा!” इरीदे म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “चाळीस वर्षं जीव मुठीत धरायला लावलास! अरे, तोंडाने सांगितलं असतंस तर फुकट बसले असते ना जवळ!”

“तेव्हा तोंड चालत नव्हतं माझं,” एर्मेस म्हणाला. मग ती हसायला लागली, आणि तोही.

खटका चौकटीवरच्या आकड्यात नेमका कुठे आपटतो ते बघायला खडू लागणार होता. इरीदेने माझ्या पर्समधली लिपस्टिकच मागून घेतली. खटक्याला लाली फासून दार लावलं, तर लाल ठसा आकड्याच्या खालच्या कडेला उमटला. “दार खाली झुकलंय,” एर्मेस म्हणाला. “आकडा थोडा खाली घे.” रंगाने जाम झालेले स्क्रू तिच्याने हलेनात, तेव्हा त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला. चार हातांनी मिळून ते हलवले. आकडा खाली आला, दार लागलं. एकच टक्क आवाज. दोघांनी ते कितीदा उघडून लावून पाहिलं कुणास ठाऊक.

गाडी तपासणीत पास झाली. पहिल्या रविवारी इरीदेने ती फाटकाजवळ दोनदा बंद पाडली आणि एर्मेस तिला वाटभर क्लच शिकवत होता म्हणे.

आता एर्मेसला फारसं चालता येत नाही, आवाजही खोल गेलाय. पण शटर रोज उघडतं. शेजारपाजारचे लोक फ्यूज, बल्ब, न लागणाऱ्या डिकीचे खटके असली बारीक कामं घेऊन येतात. तो खुर्चीत बसतो, इरीदे वाकून काम करते. परवा माझ्याच गाडीचा मागचा दिवा जात होता. तिने झाकण उघडलं, त्याने मान पुढे काढून बघितलं आणि काहीतरी पुटपुटला.

“मोठ्याने बोल,” ती म्हणाली, “आणि या वेळी तरी रंग बरोबर सांग.”

मी कॉफी करायला माझ्या दुकानात आले. दारातूनही त्यांचं ऐकू येत होतं. वायर काळी की तपकिरी, यावर दोघं अडून बसली होती.