तट्टाचा खोकला आणि नंबर चौसष्ट

मी एटी कंपनीत सतरा वर्षं खेचरं हाकली. एटी म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट. जिथं गाडी जात नाही तिथं राशन, रॉकेल, दारूगोळा खेचराच्या पाठीवरनं जातो. खेचराच्या पुढं दोर धरून एक ड्रायव्हर चालतो. तो मी. शिक्षण चौथी, तीही पुरती नाही. हवालदार होऊन माण तालुक्यातल्या गावी परत आलो. गाव मला मेजर म्हणतं. मी दुरुस्त करत बसत नाही.

लांबची पोस्टिंग सिक्कीमला झाली. ०५३० ला स्टेबल. लीद काढायची, खरारा करायचा, आधी पाणी, मग दाणा. हा क्रम चुकला तर त्या दिवशी आपलाही दाणा बंद. नवीन खेचरं आली की ती मेन लाईनमध्ये बांधायची नाहीत. नाल्यापलीकडं आयसोलेशन लाईन होती. तिथं एकवीस दिवस. वेगळी बादली, वेगळा खरारा आणि माणूसही वेगळा. तो माणूस एकवीस दिवस अलीकडं येत नसे. त्याचं जेवण आम्ही नाल्याच्या काठावर ठेवून मागं फिरायचो.

आमचा आयसोलेशनचा माणूस लान्सनाईक धोंडीराम. जत तालुक्यातला. कामाला पक्का, बोलायला कडू. पहिल्या वर्षी, पलीकडची लाईन रिकामी असताना, मी एका खोकणाऱ्या खेचराला गावच्या रीतीनं बांबूच्या नळकांड्यातनं तेल-हळद पाजायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं.

"मुंडकं वर करून पाजतुयास? खोकणाऱ्याला? समदं फुफ्फुसात जाईल. आजार ऱ्हायला बाजूला, तूच मारशील त्याला."

हे मी विसरलो नाही. दुसरं विसरलो, ते आता सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर मी सांगलीकडच्या बाजारातनं एक तट्टू आणलं. तीन वर्षांचं, तांबडं. माझं रान टेकाडावर आहे आणि गुडघे आता पाण्याचे कॅन वाहत नाहीत. पिकअपमधनं उतरवलं, बायकोनं कुंकू लावलं. आमच्याकडं नवं जनावर आलं की मारुतीपुढनं फिरवायचं आणि गावच्या हौदावर पाणी पाजायचं, ही रीत. बघायला लोक जमले. माझी छाती फुगली. हौदावर बिरूची तीन घोडी पाणी पीत होती. बिरू मेंढपाळ. दरसाल मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातो आणि त्याचं सगळं घर, भांडी, कोंबड्या, नवी कोकरं त्या तीन घोड्यांवर असतात. माझं तट्टू त्यांच्या शेजारी, त्याच पाण्यात तोंड घालून प्यायलं. वेळ १६३०.

दुसऱ्या दिवशी ०६०० ला ते खोकलं. नाकाला शेंबूड. जबड्याखाली हात घातला तर लिंबाएवढी गाठ, गरम. मला डॉक्टर लागला नाही. हा गळ्याचा आजार, एकाकडनं दुसऱ्याला जातो. लागण झालीय का हे कळायला चौदा दिवससुद्धा लागतात.

सतरा वर्षं जो नियम पाळला तो मी चार लोकांच्या कौतुकापायी एका संध्याकाळी मोडला होता.

०७०० ला मेहुणा सर्जेराव नळकांडं घेऊन हजर. बायकोनंच सांगितलं असणार.

"दाजी, धरा मुंडकं. तेल, हळद, गूळ. परवापतोर बरं."

"नळकांडं खाली ठेव."

"मग बुधवारच्या बाजारात काढा की. गूळ चारला की घटकाभर खोकत न्हाई. कुणाच्या बाला कळतंय?"

"मला कळतंय."

"आवं, तुमच्या गळ्यात तसंच बांधलं न्हवं कुणीतरी?"

"बांधलं. माझ्यापाशी थांबलं. फुडं जायचं न्हाई."

सर्जेराव म्हणाला, मिलिटरीनं दाजीचं डोकं फिरवलंय. म्हटलं, व्हय.

तट्टू रानातल्या छपरात नेऊन बांधलं. वेगळी बादली. हौद उपसला, चुन्यानं घासला. सत्तरीचा माणूस हौदात उतरून घासतोय म्हणून पारावरची मंडळी हसली. हसू दिलं. मग अंघोळ करून, कपडे बदलून बिरूच्या वाड्यावर गेलो. मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळीबाहेर उभं राहूनच बोललो.

"बिरू, माझं जनावर आजारी हाय. काल तुझ्या घोड्यांसंगं पाणी प्यालं. चूक माझी."

"बरं मग?"

"तू सोमवारी निघायचं न्हाई. चौदा दिवस थांब."

तो उठून उभा राहिला. "आवं मेजर, मेंढरं काय तुमची परेड हाय व्हय, थांब म्हटल्यावर थांबायला? हितलं गवात संपलंय. फुडं दुसऱ्याचे कळप शिरत्याल."

"घाटात घोडी पडली तर घर कशावर नेशील?"

"तुमच्या एका खोकल्यापायी माझी एकशेवीस मेंढरं उपाशी ठेवू?"

"माझ्या रानातला कडबा घाल. सगळा. आन् एखादं घोडं गेलंच तर माझं तट्टू बरं झाल्यावर तुझं."

"कशापायी एवढं करताय?"

तेव्हा त्याला धोंडीरामचं सांगितलं. घरातसुद्धा कधी पुरतं सांगितलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात आयसोलेशन लाईनवर सहा खेचरं होती. सगळी खोकत होती. तीन दिवस पाऊस. १४१० ला वरच्या पोस्टचा वायरलेस आला.

"ढलान खिसक रही है। आयसोलेशन में कितने? ओवर."

"छः जानवर, एक जवान। ओवर."

"खाली करो। अभी."

आम्ही नाल्यापर्यंत धावलो. मी ओरडलो, धोंड्या, सोड आन् ये. त्यानं पाच खेचरं सोडली. त्यांना आमच्याकडं येऊ दिलं नाही, दगड मारून खालच्या अंगाला पिटाळलं. दरड येत होती तरी त्याला मेन लाईन आठवत होती. सहावं खेचर, नंबर चौसष्ट, तापानं बसलं होतं. तो त्याचा दोर सोडायला परत गेला. १४२० ला डोंगर खाली आला, त्या दोघांवर. मेन लाईनमधल्या एकाही खेचराला तो आजार झाला नाही.

बिरूनं कळपाकडं एकदा बघितलं. मग खाली बसला.

"चौदा," तो म्हणाला. "पंधरावा न्हाई."

दहिवडीच्या मेडिकलातनं थर्मामीटर आणलं. गुरांच्या डॉक्टरांनी तट्टू पाहिलं, गाठ पिकू द्या म्हणाले, मीही तेच म्हणत होतो. रोज आधी बिरूची घोडी, मग माझं तट्टू. हा क्रम उलटा करायचा नाही. सकाळ-संध्याकाळ तिन्ही घोड्यांचा ताप घ्यायचा. पहिल्या दिवशी बिरूनं बघितलं आणि म्हणाला, "मेजर, तोंड फुडं हाय त्याचं."

"ताप मागनं कळतो. शेपूट धर."

तट्टाला ओला भुस्सा, कोमट पाणी, गाठीला शेक. दाणा जमिनीवर, म्हणजे मुंडकं खाली राहतं आणि शेंबूड वाहून जातो. पाचव्या दिवशी गाठ फुटली. वाटीभर पू निघाला. पुसलेल्या फडक्यांसकट तो जाळला. त्या रात्रीनंतर खोकला उतरत गेला.

सातव्या दिवशी १७०० ला बिरूच्या म्हाताऱ्या घोडीला एकशेदोन. बिरूनं माझ्या तोंडाकडं बघितलं. दिवसभर ती उन्हात उभी होती, हे मला माहीत होतं, पण मनाला ते पटत नव्हतं. तिला सावलीत वेगळी बांधली. दुसऱ्या दिवशी ०५३० ला पुन्हा लावलं. शंभर. घोड्याला एवढं असतंच. तिसऱ्यांदा लावलं. शंभरच.

पंधराव्या दिवशी बिरू निघाला. माझा कडबा संपला होता. तिन्ही घोडी लादलेली, म्हातारीच्या पाठीवर पिंजरा, पिंजऱ्यात कोंबड्या. मला बघून तो थांबला आणि नुसता हात कपाळाला लावला. सॅल्यूट वाकडा होता. मी सरळ करून परत दिला.

तट्टू आता कॅन घेऊन टेकाड चढतं. एकवीस दिवस पुरे झाल्यावरच मी त्याला हौदावर नेलं. त्याआधी लोखंड तापवून पुढच्या डाव्या खुरावर नंबर घातला. खूर आहे, दुखत नाही. फौजेत तसाच घालतात.

सर्जेरावानं वाकून वाचलं. "चौसष्ट? दाजी, मग बाकीची त्रेसष्ट कुठं हायत?"

"ड्युटीवर."

"आन् त्यांच्याकडं कोण बघतंय?"

"धोंडीराम," मी म्हटलं, आणि तट्टाला पाणी पाजलं.