दीड पिढीचं भांडण

दिनूभाऊ वेबसाइटवर टाकायची प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचून बघायचा. वाचताना बोटांचा टेबलावर ठेका चाललेला असायचा. कॉलेजात तबला वाजवायचा, त्याची ही खोड. जीभ अडखळली की ती ओळ गेलीच. "जे तोंडातून निघत नाही, ते पडद्यावर कशाला?" असं म्हणायचा.

नरडाण्याला माझा उसाच्या रसाची यंत्रं बनवायचा कारखाना आहे. वेबसाइटच्या कामासाठी तो धुळ्याच्या देवपूरहून एसटीने आला. पिशवीत लॅपटॉप आणि वाचनालयाचं पुस्तक. मी दरपत्रक पुढे केलं, ते त्याने बाजूला सारलं. "आधी यंत्र फिरवा." चाकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज त्याने मोबाइलमध्ये तीनतीनदा भरून घेतला. मला वाटलं, हा माणूस काही कामाचा नाही. पण चहा पिता पिता त्याने माझ्याकडून सगळं काढून घेतलं. एरंडोलच्या स्टँडवर मी रसाची गाडी लावायचो, हाताने चाक फिरवायचो, हे मी आजवर एकाही व्यापाऱ्याला सांगितलेलं नव्हतं.

आठ दिवसांनी पान घेऊन आला. पहिलीच ओळ : "एरंडोलच्या स्टँडवर हे चाक मी स्वतः फिरवलं आहे."

माझं डोकं फिरलं. "सुरतचे व्यापारी हे वाचून यंत्र घेतील? 'तीन पिढ्यांचा विश्वास' असं लिही."

"वडील काय करायचे?"

"दुसऱ्याच्या शेतात सालदार होते."

"मग तीन पिढ्या कशा?"

"बरं, दोन लिही."

"भाऊ, पिढ्यांतही घासाघीस?"

"दीड कर आणि मिटव!"

तो इतका हसला की टेबलावरचा ठेका चुकला. मग हळूच अहिराणीत म्हणाला, "बठ्ठं खरं शे ना, भाऊ? मंग लाज कसानी?"

सगळं खरं असलं म्हणून काय झालं! मी त्याला कारखान्याबाहेर काढलं. जळगावच्या दुसऱ्या डिझायनरकडून तीन पिढ्यांची चकचकीत वेबसाइट करून घेतली.

पुढे एकदाच भेटला, एका रविवारी, जळगावच्या बसस्टँडवर. रविवारी तो खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत पुस्तकांवर बोलायला जायचा. एसटीचं भाडंसुद्धा मागायचा नाही. त्या दिवशी बाकावर बसला होता, मांडीवर पुस्तक उघडं, डोळे मिटलेले. मला बघून उठला. घसा पार बसला होता.

"भाऊ, सध्या कितवी पिढी चालू आहे?"

मी तोंड फिरवून धुळ्याच्या गाडीत चढलो. चांगलं झणझणीत उत्तर सुचलं, पण ते पारोळा गेल्यावर. म्हटलं, पुढच्या वेळी ऐकवू.

यंदा हंगामाच्या तोंडाशी सुरतचा एक व्यापारी आला आणि म्हणाला, "आजोबांचं पहिलं यंत्र दाखवा की." मी म्हणालो, दुरुस्तीला गेलंय. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. दिनूभाऊला फोन लावला. वहिनींनी उचलला.

"ते गेले, भाऊ. दिवाळीनंतर. झोपेतच."

देवपूरला गेलो. भिंतभर पुस्तकं होती, कोपऱ्यात तबला झाकून ठेवलेला. वहिनींनी त्याचा संगणक लावला आणि माझ्या नावाचं पान उघडलं. आधी घुंगरं वाजली. मग ती ओळ आली.

"पुसलं नव्हतं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं की म्हणायचे, राहू दे, भाऊ येतील भांडायला."

मी ती ओळ मोठ्याने वाचली. कुठेच अडखळलो नाही.

आता तेच पान लावलंय. व्यापारी येतात, कोणी हसतं, कोणी एरंडोलचं विचारतं. भांडायची ताकद आता पहिल्यासारखी राहिली नाही, पण दिनूभाऊवरचा राग तसाच आहे. मी हरलो, हे मला त्याला समोर बसवून सांगायचं होतं. एकदाच, घासाघीस न करता.