इमान बनवायचंय

"उभा राहा. काय व्हायचंय तुला?"

"सर, मला इमान बनवायचंय."

सभागृह हसलं. आधी पुढच्या खुर्च्या, मग मागच्या. स्टेजवरचे सर माईक तोंडाशी धरून थोडे थांबले. टाळ्या घेणाऱ्या माणसाला कधी थांबायचं ते बरोबर कळतं. मग म्हणाले, "बाळा, इमान बनवता येत नाही. ते रक्तात असावं लागतं."

टाळ्या.

आमच्या घरात विमानाला इमानच म्हणतात. आकाशातून जातं ते इमान. मी शाळेत 'विमान' लिहायचो आणि घरी 'इमान' बोलायचो. दोन्ही व्यवस्थित चाललं होतं. पण घाबरलो की माझ्या तोंडातून घरचं बाहेर येतं.

सर एवढ्यावर थांबले नाहीत. "कुठला तू?"

"वडपे."

"वडप्यात कुठं?"

"बौद्धवाडा."

"हं." मग सभागृहाकडे वळून, "मग ह्याला कसली चिंता? ह्याची सीट राखीव आहे. खिडकीजवळची!"

आता तर खुर्च्या हलल्या. विनोद जमला होता, खोटं कशाला बोलू? मीपण हसलो. बहुतेक सगळ्यात मोठ्यानं. माझा अपमान झाला हे मला कळलं घरी जाताना, गोडाऊनांच्या रांगेतून चालताना. मी असाच आहे. सगळं उशिरा कळतं.

बारावीनंतरचं ते मोफत मार्गदर्शन शेठच्या ट्रस्टनं ठेवलं होतं. शेठ म्हणजे आमच्या गावचे जमीनवाले. त्यांच्या शेतात आता भात पिकत नाही, गोडाऊनं उभी आहेत, आणि त्या गोडाऊनांत माणसं पुरवायचं कंत्राटही त्यांचंच. माझे पप्पा त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचे. सर रिटायर इंजिनिअर. शेठनी शहरातून आणलेले.

दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर माझं नाव पडलं 'इमानदार'. मी त्या नावालाही ओ द्यायचो. वर स्वतःच विनोद करायचो, म्हणजे दुसऱ्याला संधी नको.

विमान बनवायला कुठली डिग्री लागते, हे मला धड माहीत नव्हतं. मी कल्याणला एका अकॅडमीत गेलो. दारावर केवढं मोठं विमान रंगवलेलं. काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, "मला विमान बनवायचंय. इथं ॲडमिशन पाहिजे." ह्या वेळी 'विमान' नीट बोललो, वाटेत घोकत आलो होतो. ताई म्हणाल्या, "दादा, इथं विमान बनवत नाहीत. एअरपोर्टवर सामान चढवायला शिकवतात." म्हणजे पप्पा ट्रकात माल चढवणार, मी विमानात. खानदानी धंदा! ताई हसल्या, पण त्यांचं हसणं वेगळं होतं. म्हणाल्या, "बनवायचंय ना? मग इंजिनिअरिंग बघा."

मग मी मोबाइलवर नोकऱ्यांच्या जाहिराती वाचत सुटलो. विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना कोण लागतं? एरोनॉटिकल लागतं, हे बरोबर. पण त्याच्या शेजारी बहुतेक ठिकाणी मेकॅनिकल लिहिलेलं. एरोनॉटिकलची कॉलेजं मोजकी, आमच्यापासून लांब. आणि चार वर्षांनी विमानवाल्यांनी घेतलं नाही तर? मेकॅनिकल घेतलं तर विमानाच्या कारखान्यात चालतं, पंपाच्या कारखान्यातही चालतं. एरोस्पेसचं एम.टेक. पुढं करता येतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट नीट विचार करून ठरवली होती. अर्थात कुणाला सांगितलं नाही.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा पप्पा मला शेठच्या ऑफिसात घेऊन गेले. "शेठनी सांगितलंय, सर भरून देतात. फुकट." पप्पांनी चपला बाहेर काढल्या. आतले सगळे बूट घालून बसले होते.

माऊस सरांच्या हातात. मला काही न विचारता त्यांनी पहिल्या नंबरला सिव्हिल टाकलं.

"सर, मला मेकॅनिकल... एरोस्पेसमध्ये जायचंय."

"सिव्हिल घे. सरकारी खात्यात चिकटशील. तुमच्या लोकांना तेच बरं पडतं." मग एकदम आठवल्यासारखं शेठकडे वळून, "अहो शेठ, हाच तो! बोल रे, परत बोल. काय बनवायचंय तुला?"

माझ्या तोंडानं हसायची तयारी केली होती. गाल वर गेले होते. तेवढ्यात पप्पा हसले.

मी अजून काही बोललो नव्हतो. विनोद व्हायचा होता. पप्पा त्याच्या आधीच हसले, दाराशी उभे राहून, शेठकडे बघत. त्यांना बरं वाटावं म्हणून. ते हसू मी लगेच ओळखलं. माझंच होतं. मी समजत होतो की हसून मी सुटतो. ते तर आमच्याकडे पिढीजात चालत आलेलं. पगारात न धरलेलं काम.

माझे गाल खाली आले.

"बरं, ते जाऊ दे," सर म्हणाले. "ओटीपी आला असेल. सांग."

"न्हाय सांगणार."

"काय?"

"फॉर्म माझा हाय. सिव्हिल न्हाय घेणार मी."

"सांग रं," पप्पा म्हणाले. "सर हायेत ते."

सरांनी ओटीपी परत पाठवला. खिशात मोबाइल थरथरला. ऐकायला शूर वाटतं, पण मला लघवीला लागली होती. तरी आकडे सांगितले नाहीत. शेठ माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पप्पांना म्हणाले, "पोरगा मोठा झाला तुझा."

संध्याकाळी भिवंडीला, निजामपुऱ्यात एका सायबर कॅफेत मी स्वतः फॉर्म भरला. कॅफेवाला म्हणाला, "सोच ले भाई, बाद में बदलता नहीं." मेकॅनिकल, मेकॅनिकल, मेकॅनिकल. खाली एरोनॉटिकल. सिव्हिल एकदाही नाही.

त्याच आठवड्यात पप्पांना फोर्कलिफ्टवरून उतरवलं आणि खोके उचलायला लावलं. कारण कुणी सांगितलं नाही. पप्पांनी विचारलं नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कॉलेजात मी काही दिवे लावले नाहीत. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीनं घासून घासून गोल केला. गणिताला केटी लागली. विमान चार वर्षांत एकदाही जवळून बघितलं नाही. रोज भिवंडीच्या खड्ड्यांतून रिक्षा, कॉलेज, परत रिक्षा. घरी पप्पांच्या खांद्याला आई मलम चोळतेय. पास झालो. यंदा एरोस्पेसच्या एम.टेक.ला नंबर लागला.

आणि वडपे नाक्यावर बॅनर लागला.

बॅनरवर शेठ मोठे, सर मध्यम, कोपऱ्यात मी. 'सरांच्या मार्गदर्शनाने घडलेला आपल्या मातीतला भावी वैमानिक.' वैमानिक! चार वर्षं मी ज्याला त्याला सांगत आलोय की विमान चालवणार नाही, बनवणार आहे.

ट्रस्टच्या माणसाचा फोन आला. "रविवारी स्टेजवर दोन शब्द बोल. सरांचं नाव घे. शेठ बोलले, पप्पांचंही बघू. फोर्कलिफ्ट रिकामीच हाय."

मी पप्पांना सगळं सांगितलं. ते जेवत होते. उजवा हात वर होत नाही म्हणून ताटावर वाकून.

"तुझा फोटो हाय," ते म्हणाले. "तू बघ." मग एक घास घेऊन, "चांगला आलाय पण."

फोटो चांगला आलाय, हे खरं आहे. मी दमलोय, हेही खरं. हो म्हटलं असतं तर पप्पांचा खांदा खोक्यांतून सुटला असता. दोन शब्द तर बोलायचे. पण ते दोन शब्द ऐकून खालच्या खुर्चीतलं पोरगं सरांच्या हातात माऊस देणार. माझ्या तोंडून ऐकलं म्हणून देणार.

मी फोन लावला. "येणार न्हाय."

"आजारी हायेस?"

"बरा हाय. सर सिव्हिल घे म्हणाले होते, मी घेतलं न्हाय. हे बॅनरवर लिवा, मंग येतो."

त्यानं फोन ठेवला. बॅनर तसाच आहे. तो काढा म्हणून मी ट्रस्टवाल्यांना दोनदा सांगून पाहिलं, आता सांगणार नाही. उद्या भरदुपारी, नाक्यावर माणसं असताना, मी तो उतरवणार आहे. बांबूवर चढायची मला सवय नाही. पडलो, तर बॅनर घेऊन पडेन.